गर्भपात कायद्यातील राजकीय तडजोड

स्त्रीचा स्वतःच्या शरीरावरील अधिकार आणि गर्भाच्या जीविताविषयीची सामाजिक-धार्मिक भूमिका यांत पूर्ण एकमत होणे शक्य नसताना, गर्भपात किती आठवड्यांपर्यंत, कोणत्या कारणासाठी आणि कोणाच्या संमतीने करता येईल, हे ठरवून कायदा संमत करून घेण्याच्या प्रक्रियेला ही संज्ञा लावता येते. भारतातील तडजोड डॉक्टरच्या मताभोवती बेतलेली आहे. तिच्या मर्यादा ठळकपणे पुढे आल्या त्या मुंबईत.

भारतीय दंड संहितेच्या कलम 312 नुसार स्त्रीचा जीव वाचवण्याखेरीज अन्य कारणासाठी केलेला गर्भपात गुन्हा होता आणि तो करवून घेणारी स्त्रीही शिक्षेस पात्र होती. चोरूनमारून, अप्रशिक्षित हातांनी होणाऱ्या गर्भपातांत स्त्रिया दगावत असल्याने केंद्र सरकारने 1964 मध्ये महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या 1966 च्या अहवालातून 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा आकाराला आला. बारा आठवड्यांपर्यंत एका आणि वीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत त्याने आवश्यक ठरवले. गर्भनिरोधक निकामी ठरल्याचे कारण मात्र केवळ विवाहित स्त्रीला खुले ठेवले. गर्भपात हा स्त्रीचा हक्क असे कायदा कोठेही म्हणत नाही, तो सद्भावनेने गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला खटल्यापासून संरक्षण देतो. या मांडणीमुळेच, अनेक देशांत या प्रश्नावरून पक्षापक्षांत पडली तशी उभी फूट येथे पडली नाही. त्याची किंमत स्त्रीने मोजली, कारण निर्णयाचा शेवटचा शब्द तिच्याकडे आलाच नाही.

1980 च्या दशकात मुंबईत गर्भजल परीक्षेचा वापर मुलगी आहे की मुलगा हे पाहण्यासाठी उघडपणे होऊ लागला, तेव्हा स्त्रीसंघटनांपुढे मोठा पेच उभा राहिला. मुलींचे गर्भ पाडण्याला विरोध करताना गर्भपाताच्या सोयीवरच घाला पडू नये, हे सांभाळायचे होते. महाराष्ट्राने 1988 मध्ये देशातील पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला. त्यात रोख गर्भपातावर न ठेवता चाचणीच्या गैरवापरावर ठेवला गेला. केंद्राचा 1994 चा कायदाही त्याच वाटेने गेला. या साऱ्या इतिहासातील सर्वांत विचारपूर्वक तडजोड हीच म्हणावी लागेल. व्यवहारात मात्र लिंगनिदान आणि गर्भपात यांच्यातील ही रेषा वारंवार पुसली जाते. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात असते, पण तपासणीच्या धास्तीने कायदेशीर गर्भपात करायलाही काही डॉक्टर कचरतात आणि औषध दुकानदार गर्भपाताच्या गोळ्या ठेवणे टाळतात.

वीस आठवड्यांच्या मर्यादेचा प्रश्न वेगळा होता. गर्भातील व्यंगे दाखवणारी सोनोग्राफी साधारणपणे अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान होते, म्हणजे दोष कळेपर्यंत मुदत जवळजवळ संपलेली असते. हृदयाचे काही दोष तर त्यानंतरच स्पष्ट होतात. 2008 मध्ये अशाच एका प्रकरणात मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार आणि संबंधित दांपत्य मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने परवानगी नाकारली. मर्यादा बदलणे हे संसदेचे काम होते, आणि संसदेला त्यासाठी 2021 साल उजाडावे लागले. त्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे केले, बलात्कारपीडित, अल्पवयीन इत्यादी ठरावीक गटांसाठी मुदत 24 आठवड्यांवर नेली आणि गर्भनिरोधक निकामी ठरल्याच्या तरतुदीत ‘पती’ऐवजी ‘जोडीदार’ हा शब्द आणला. अविवाहित स्त्रियांना 24 आठवड्यांच्या तरतुदीतून वगळता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले.

चोवीस आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाची संमती लागते. बलात्कारातून राहिलेल्या गर्भासाठी तेवढीही तरतूद नसल्याने त्या स्त्रीला न्यायालयातच जावे लागते. जानेवारी 2023 मध्ये, मंडळाने नकार दिलेल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. गौतम पटेल आणि न्या. एस. जी. डिगे यांच्या खंडपीठाने निवडीचा अधिकार याचिकाकर्त्या स्त्रीचा आहे, मंडळाचा नाही, असे सांगून गर्भपातास परवानगी दिली. संसदेने मात्र मंडळाची तरतूद कायम ठेवली आहे.