स्टॅलिनच्या दहशतीवरचा वाद आणि कुलूपबंद कागद

स्टॅलिनच्या काळात किती माणसं मारली गेली यावर पाश्चात्य इतिहासकार इतकी वर्षं का भांडत होते, हे समजायचं तर आधी त्यांना कागद कुठले बघायला मिळत होते ते पाहावं लागतं.

जानेवारी १९५८ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत युनियनचा देवाणघेवाणीचा करार झाला आणि विद्यार्थी इकडून तिकडे जायला लागले. सोव्हिएत बाजूने येणारे बहुतेक विज्ञान, इंजिनिअरिंगवाले, अमेरिकेकडून जाणारे मात्र बरेचसे इतिहास-साहित्याचे. मॉस्कोत पोचलं तरी अर्काइव्हची, म्हणजे जुने सरकारी कागद ठेवलेल्या दप्तरखान्याची, सूची परदेशी माणसाला देत नसत, म्हणजे आत काय काय आहे हेच माहीत नाही, तुम्ही विषय सांगायचा आणि तिथले कर्मचारी निवडून देतील तेवढ्याच फाइली वाचायच्या.

त्यामुळे पश्चिम रशियातल्या स्मोलेन्स्कच्या कागदांना एवढं महत्त्व आलं. तिथल्या कम्युनिस्ट पार्टीचं दप्तर १९४१ मध्ये जर्मनांनी उचललं, युद्धानंतर ते अमेरिकनांच्या हाती लागलं. त्यावरून हार्वर्डच्या मर्ल फेनसॉडने १९५८ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात वरपासून खालपर्यंत पोलादी पकड असलेली राजवट दिसते. आणि १९८५ मध्ये अमेरिकन इतिहासकार आर्च गेटीने तेच दप्तर वाचून जवळजवळ उलटं चित्र काढलं, की केंद्राचं खाली कोणी धड ऐकत नव्हतं, सगळा गोंधळ होता आणि शुद्धीकरणात, म्हणजे नकोशा माणसांना पार्टीतून काढणं, पकडणं, मारणं यात, स्थानिक भांडणांचा मोठा वाटा होता! एकाच जिल्ह्याच्या कागदांवरून अख्ख्या देशाबद्दल बोलायचं म्हटल्यावर असंच होणार, मला तरी यात दोघांचाही अप्रामाणिकपणा दिसत नाही.

पुढच्याच वर्षी इतिहासकार शीला फिट्झपॅट्रिकने ‘रशियन रिव्ह्यू’ या नियतकालिकात लेख लिहिला, की स्टॅलिनकाळाचा इतिहास फक्त सत्तेचा नको, समाजाचा पण हवा. त्यावर जोरदार उत्तरं आली. समाजाबद्दल बोलताना दहशत बाजूला पडते हा आक्षेप होता, आणि तो खोटा नव्हता.

मग १९९१ नंतर अर्काइव्ह उघडली. फक्त १९३७-३८ मध्ये ६,८१,६९२ जणांना मृत्युदंड दिल्याची पोलिसांचीच नोंद निघाली, मारायच्या माणसांच्या, स्टॅलिनच्या सहीच्या याद्या निघाल्या. ब्रिटिश इतिहासकार रॉबर्ट कॉन्क्वेस्टने १९६८ मध्ये सक्तमजुरीच्या छावण्यांतल्या कैद्यांचा जो अंदाज दिला होता तो कागदांपेक्षा खूपच मोठा ठरला, पण गेटीने १९८५ मध्ये मारलेल्यांबद्दल नुसतं हजारो म्हटलं होतं, ते तर फारच कमी पडलं. कॉन्क्वेस्ट कागद बघूनही फारसा हलला नाही. गेटीने मात्र रशियन अर्काइव्हवाल्या ओलेग नाउमोवसोबत बसून ही नव्याने उघडलेली कागदपत्रं १९९९ मध्ये छापली, माझ्या मते या सगळ्या वादातलं ते सगळ्यात मोलाचं काम.

स्मोलेन्स्कचं दप्तर २००२ मध्ये रशियाला परत गेलं. स्टॅलिनच्या दहशतीच्या बळींची नावं गोळा करणारी ‘मेमोरियल’ संस्था डिसेंबर २०२१ मध्ये रशियाच्या सुप्रीम कोर्टाने बंद करायला लावली.