सहजीवन (जीवविज्ञान)

सहजीवन (इंग्रजीत ‘सिंबायोसिस’) : भिन्न जातींच्या दोन वा अधिक सजीवांनी दीर्घकाळ एकमेकांच्या निकट संपर्कात राहण्याची स्थिती. व्यवहारातील मराठीत हा शब्द बहुधा पतिपत्नींच्या संसाराविषयी योजला जातो. त्यामुळे त्याला चिकटलेली सलोख्याची छटा शास्त्रीय संज्ञेत मुळात नाही. एकाचा लाभ आणि दुसऱ्याची हानी होत असली तरी ते सहजीवनच, हा व्यापक अर्थ प्रस्तुत नोंदीत स्वीकारला आहे.

या संज्ञेच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. तिचे श्रेय सामान्यतः जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंटोन द बारी यांना दिले जाते. त्यांनी १८७८ मध्ये कासेल येथील व्याख्यानात ती मांडली व पुढील वर्षी ते व्याख्यान छापून प्रसिद्ध झाले. तथापि जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक यांनी १८७७ मध्येच शैवाकांवरील (कवक म्हणजे बुरशी व शैवल म्हणजे शेवाळ यांच्या जोडीवरील) लेखनात ‘सिंबायोटिस्मुस’ हा शब्द वापरला होता, आणि एकत्र राहणाऱ्या दोन सजीवांपैकी प्रत्येकाची भूमिका काय हे बाजूला ठेवून केवळ एकत्र राहण्याचा निर्देश करणे हाच त्यामागील हेतू होता. कालक्रमाने फ्रांक यांचा अग्रमान मान्य करावा लागतो. व्याख्येचा प्रसार मात्र द बारी यांच्यामुळे झाला, आणि त्यांनी परोपजीवनाचाही (दुसऱ्या सजीवाच्या जिवावर जगण्याचाही) समावेश तीत केला होता. परस्परोपकारिता (उभयतांचा लाभ होणारे सहजीवन) ही संकल्पना बेल्जियन प्राणिशास्त्रज्ञ प्येर-जोझेफ व्हान बेनेडेन यांनी याआधीच, १८७५ च्या सुमारास, रूढ केली होती. सहजीवन म्हणजे केवळ उभयतांचा फायदा, असा संकुचित अर्थ पुढे पाठ्यपुस्तकांतून पसरला. तो मूळ मांडणीशी जुळत नाही.

वादाचे मूळ शैवाकांत आहे. मराठवाड्यातील काळ्या मसाल्यात पडणारे दगडफूल हे शैवाकच होय, मग ते बाजारात दूरच्या डोंगराळ, दमट प्रदेशांतून येत असले तरी. ही एकच वनस्पती नसून कवक व शैवल यांची जोडी आहे, असे स्वित्झर्लंडचे झिमोन श्वेंडेनर यांनी १८६७–६९ या काळात प्रतिपादन केले. तत्कालीन शैवाकतज्ज्ञांनी त्यास कडवा विरोध केला. श्वेंडेनर यांनी कवकाला धनी व शैवलाला गुलाम म्हटले होते, ही बाब समसमान भागीदारीचे चित्र रंगविणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

मराठवाड्याच्या शेतीत सर्वपरिचित उदाहरण कडधान्यांच्या मुळांवरील गाठींचे आहे. तूर, मूग, उडीद, हरभरा व सोयाबीन यांच्या गाठींतील जीवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, म्हणजे पिकाला घेता येईल अशा रूपात आणतात, आणि पीक त्यांना शर्करा पुरविते. गाठींमुळे नत्र स्थिर होते हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्रीगेल व व्हिल्फार्ट यांनी १८८६–८८ मध्ये सिद्ध केले. गाठ नखाने फोडल्यावर आत गुलाबी-तांबडी दिसल्यास ती कार्यक्षम समजावी. जमिनीत नत्र भरपूर असल्यास गाठी कमी धरतात, आणि काही जीवाणू शर्करा घेऊनही नत्र फारसे देत नाहीत. आधीच्या पिकाचा पुढील पिकाला होणारा जो लाभ शेतकरी बेवड म्हणून ओळखतात त्याचे कारण बहुधा एवढ्यातच शोधले जाते. परंतु स्थिर झालेल्या नत्राचा मोठा भाग दाण्यांबरोबर शेताबाहेर जात असल्याने तुरीसारख्या पिकात पानगळीचाही वाटा मोठा असावा.

उपकारक व अपकारक यांच्यातील सीमारेषा किती पुसट असते हे टारफुल्यावरून दिसते. ज्वारीच्या मुळांतून अन्नरस शोषणाऱ्या या तणाचे बी जमिनीत अनेक वर्षे पडून राहते व यजमानाच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्याची चाहूल लागल्यावरच उगवते. अशा द्रव्यांपैकी स्ट्रिगॉल १९६६ मध्ये प्रथम वेगळे करण्यात आले ते कापसाच्या मुळांच्या स्रावातून, आणि कापूस तर टारफुल्याचा यजमानच नाही. कापसाच्या शेतात उगवलेला टारफुला त्यामुळे उपाशी मरतो, म्हणून ज्वारीनंतर कापूस घेणे हा त्याचे बी घटविण्याचा एक मार्ग ठरतो. वनस्पती ही द्रव्ये का स्रवतात याचा उलगडा मात्र २००५ मध्ये झाला. मुळांना स्फुरद मिळवून देणाऱ्या उपकारक कवकांच्या तंतूंना त्यांमुळे फाटे फुटतात. मित्रासाठी धाडलेले आवतण शत्रूनेही वाचावे, असा हा प्रकार आहे.

आंब्यावरील बांडगूळ झाडाचे पाणी व क्षार घेते, अन्न मात्र स्वतःच्या हिरव्या पानांत तयार करते. त्याची फळे खाऊन बी पसरविणाऱ्या फुलटोच्या पक्ष्याशी त्याचे नाते परस्परोपकाराचे असते. बोलीत ‘बांडगूळ’ ही शिवी असली तरी शास्त्रदृष्ट्या ते अर्धेच परोपजीवी आहे. उंबराच्या फळात वाढणारी चिलटासारखी गांधीलमाशी त्याचे परागण करते व त्या फळाच्या आतल्याच काही फुलांत अंडी घालते. औतामागे किंवा गुरांमागे चालणारा गायबगळा हे सहभोजितेचे (एकाला लाभ, दुसऱ्याला ना लाभ ना हानी) उदाहरण मानतात. गुरांच्या पोटातील सूक्ष्मजीव कडब्यातील सेल्युलोज पचवितात. त्यांच्याविना कडबा हे गुरांचे खाद्य ठरले नसते.