कीटोॲसिडोसिस, मधुमेही (बालकांतील)

इन्शुलिनच्या तीव्र अभावामुळे रक्तातील ग्लुकोज व कीटोन पदार्थ (चरबी जाळली जाताना तयार होणारी आम्ले) वाढून रक्त आम्लधर्मी होण्याची अवस्था. रुग्णालयीन बोलीत ‘डीकेए’. मुलांतील अंतःस्रावी आणीबाणींपैकी अतिदक्षता विभागात नेहमी दिसणारी ही एक.

रक्तातील ग्लुकोज २०० मिग्रॅ. प्रति डेसिलिटरहून जास्त, पीएच (आम्लतेचे माप; ते जितके कमी तितके रक्त अधिक आम्लधर्मी) ७.३ पेक्षा कमी किंवा बायकार्बोनेट (आम्ल निष्प्रभ करणारा रक्तातील क्षार) घटलेले आणि रक्तात वा लघवीत कीटोन, असे निदानाचे निकष आहेत. पीएच ७.१ च्या खाली गेल्यास आजार तीव्र समजतात. बायकार्बोनेटची सीमा पूर्वी लिटरला १५ मिलिमोल होती. ‘इस्पॅड’ या बालमधुमेहविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात ती १८ झाली. जुन्या व नव्या पाहण्यांतील आकडे शेजारी ठेवताना हे ध्यानात घ्यावे लागते.

निदान चुकते ते बहुधा दारातच. खोल, वेगवान श्वासामुळे न्यूमोनिया किंवा दमा वाटतो. पोटदुखी व उलट्यांमुळे ॲपेंडिक्सची शंका येते. अशा खोल श्वसनाचे वर्णन जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी १८७४ मध्ये केले व ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. छाती ऐकावी तर स्वच्छ, तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास, जीभ कोरडी आणि तरीही लघवी भरपूर, हे चित्र दिसताच बोटाच्या थेंबावर साखर पाहावी. पाणी कमी पडलेल्या मुलाची लघवी एरवी घटते. इथे घटत नाही, ही विसंगती फार बोलकी असते.

टोरांटोमध्ये १९२२ च्या जानेवारीत १४ वर्षांच्या मधुमेही लेनर्ड टॉमसनला इन्शुलिन टोचले गेले. पहिल्या अशुद्ध अर्काचा गुण बेताचाच आला. सुमारे १२ दिवसांनी दिलेल्या शुद्धतर अर्काने त्याच्या लघवीतील कीटोन नाहीसे झाले. मात्र उपचारांनी रक्त सुधारत असतानाच काही मुले बेशुद्ध होऊन दगावत राहिली. त्यांच्या मृत्यूचे मुख्य कारण म्हणजे मस्तिष्कशोफ, अर्थात मेंदूची सूज.

हा शोफ १०० पैकी एखाद्याच मुलात स्पष्टपणे दिसतो, पण झाल्यास घातक ठरतो. त्याच्या कारणाविषयी मतभेद आहेत. जुन्या मतानुसार शिरेतून पाणी घाईने दिल्यास रक्ताची परासरणीयता (विरघळलेल्या पदार्थांमुळे पाणी ओढून धरण्याची क्षमता) झपाट्याने उतरते आणि पाणी मेंदूच्या पेशींत शिरते. या मतामुळे अनेक दशके सलाइन हात आखडून दिले गेले. दुसऱ्या मतानुसार निर्जलीकरणात मेंदूचा रक्तपुरवठा आधीच घटलेला असतो आणि तो पूर्ववत होताना इजा वाढते. निकोल ग्लेझर व सहकाऱ्यांच्या २००१ मधील अभ्यासात रक्तातील जास्त युरिया, कार्बन डायऑक्साइडचा कमी दाब आणि बायकार्बोनेटचा उपचार यांचा शोफाशी संबंध आढळला. अमेरिकेतील १३ केंद्रांवरील १,३८९ प्रसंगांच्या चाचणीत (२०१८) द्रव जलद वा सावकाश दिल्याने, तसेच सलाइन ०.९ किंवा ०.४५ टक्के असल्याने, मेंदूवरील परिणामांत लक्षणीय फरक दिसला नाही. दुसरे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते. मात्र दाखल होतानाच शुद्ध फार हरपलेली मुले या चाचणीत फारशी घेतलेली नव्हती आणि कुपोषित मुलांना हे निष्कर्ष तसेच्या तसे लावणे धाडसाचे ठरेल.

उपचारांत प्रथम वजनाच्या दर किलोमागे १० ते २० मिलि. सलाइन देतात. इन्शुलिन सुमारे तासाभराने, तासाला किलोमागे ०.०५ ते ०.१ युनिट, एकदम मोठी मात्रा टोचत नाहीत. ५० मिलि. सलाइनमध्ये ५० युनिट मिसळल्यास २० किलोच्या मुलासाठी सिरिंज पंपाचा वेग ताशी १ ते २ मिलि. येतो. इन्शुलिन प्लास्टिकला चिकटते, म्हणून नळी आधी त्याच द्रावणाने धुऊन घेतात. साखर २५० ते ३०० पर्यंत उतरली की इन्शुलिन थांबवणे ही सर्रास होणारी चूक होय: कीटोन उरलेले असतात, त्यामुळे सलाइनला डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) जोडून इन्शुलिन चालू ठेवावे. रक्तातील पोटॅशियम सुरुवातीला नेहमीइतके दिसले तरी शरीरातला साठा रिता असतो. इन्शुलिनसोबत ते पेशींत ओढले जाऊन हृदयाची लय बिघडू शकते. बायकार्बोनेट सरसकट देत नाहीत.

साखर उतरताना रक्तातील सोडियम चढायला हवे. ते न चढणे ही मेंदूच्या सुजेच्या धोक्याची खूण. बोलते मूल गप्प होणे, डोकेदुखी, नाडी मंदावणे, झोपलेल्या मोठ्या मुलाने अंथरूण ओले करणे यांपैकी काही दिसल्यास सीटी स्कॅनसाठी न थांबता मॅनिटॉल हे मेंदूतील पाणी ओढून घेणारे औषध (किलोमागे ०.५ ते १ ग्रॅम) किंवा ३ टक्के सलाइन देतात. मॅनिटॉल म्हणूनच खाटेजवळ तयार ठेवतात.

प्रतिबंधाविषयी इटलीतील पार्मा येथील उपक्रम प्रसिद्ध आहे. १९९१ पासून तेथील शाळांत व बालरोगतज्ज्ञांकडे भित्तिपत्रके लावली गेली आणि नव्याने मधुमेह झालेल्या मुलांतील डीकेएचे प्रमाण बरेच उतरले. पत्रकांत भर होता तो एका साध्या लक्षणावर: रात्री कोरडे राहणारे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागणे.