कोळंबीला दोन मिनिटं, फेणीला अडीच तास

गोव्यात कोळंबीवर फेणी ओतून कढईत भडका उडवला की कुणीतरी हमखास म्हणतं, "खा बिनधास्त, दारू सगळी उडून गेली." उडालेली नसते.

आधी कोळंबी. कच्ची असताना ती करडी-निळसर दिसते, कारण तिच्यातलं अ‍ॅस्टॅझँथिन हे तांबडं रंगद्रव्य एका प्रथिनाने आवळून धरलेलं असतं. आच लागली की त्या प्रथिनाची घडी मोडते आणि लाली सुटते. सोबत स्नायूही आखडतात. आतून साठ अंश ओलांडले की ती शिजलीच. चंद्रकोरीसारखी वळली की उतरवावी, पार वेटोळं झालं तर चघळत बसा. लसूण खरपूस झालेल्या कढईत दोन्ही बाजू मिळून दोनेक मिनिटं पुरतात.

फेणीचं घड्याळ वेगळं. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, पाणी १०० ला, म्हणून मद्यार्क आधी निघून जाणार असा आपला हिशेब. पण एकदा मिसळले की दोघंही जोडीनेच वाफ होतात. वाफेत मद्यार्काचा वाटा जास्त, एवढंच. भट्टीवाल्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाची वाफ एकदा धरली तर मिळतो सौम्य हुर्राक. बेचाळीस-पंचेचाळीस टक्क्यांची फेणी हवी तर भट्टी पुन्हा लावावी लागते. कढई म्हणजे उघडी भट्टीच, फक्त वाफ धरायला कुणी नाही.

अमेरिकेत १९९२ साली हे मोजलं गेलं. पेटवलेल्या पदार्थात तीन चतुर्थांश मद्यार्क शिल्लक होता! पदार्थात मिसळून पंधरा मिनिटं रटरटवल्यावर चाळीस टक्के, अडीच तासांनी पाच. भडक्यानंतर इतका उरतो, कारण जळते ती वाफ. मद्यार्क थोडा कमी झाला, वाफेत पाणी वाढलं, की ज्वाळा विझते. खाली बरंच उरलेलं असतं.

चौघांच्या कोळंबीत ३० मिली फेणी घातली तर त्यात साधारण १३ मिली मद्यार्क. तीन चतुर्थांश उरला तरी माणशी अडीच मिली, म्हणजे अर्धा चहाचा चमचा. झिंग येणार नाही. पण जो दारूला शिवत नाही, त्याला वाढण्याआधी सांगायलाच हवं.

मग फेणी घालायची कशाला? वासासाठी. पाण्यात नीट न विरघळणारे सुगंधी रेणू मद्यार्कात विरघळतात आणि त्याच्या वाफेबरोबर नाकापर्यंत पोचतात. भडका मला तरी निम्मा तमाशाच वाटतो. मी फेणी लसणावर घालून निम्मी आटवते, मग कोळंबी, शेवटी आमसुलाचं पाणी. थोडा वास त्यात जातो, जाऊ दे.

पेटवायचंच असेल तर फेणी वाटीत मोजून घ्या आणि गॅस बंद करून ओता. चाळीस टक्क्यांच्या दारूची वाफ सव्वीस-सत्तावीस अंशांनाही पेट घेते, आणि मे महिन्यात गोव्यातली बाटली त्याहून गरम असते.