मिड-इंजिन गाडी आणि बर्फ: हिवाळी रॅलींचा मागोवा

मिड-इंजिन गाडी, म्हणजे चालकाच्या पाठीशी पण मागच्या अ‍ॅक्सलच्या (चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) पुढे इंजिन असलेली बुटकी, दोन आसनी स्पोर्ट्‌स कार ही उन्हाळ्यातली चैन; बर्फ पडला की ती झाकून ठेवायची, अशी सर्वसाधारण समजूत आहे. हिवाळी रॅलींचे जुने निकाल पाहिले तर ही समजूत टिकत नाही.

१९७१ च्या माँटे कार्लो रॅलीत स्वीडिश चालक ब्यॉर्न वाल्डेगार्डने पोर्शे ९१४/६ तिसऱ्या क्रमांकावर आणली. त्याआधीची सलग दोन वर्षं हीच रॅली त्याने ९११ मधून जिंकली होती. ९११ चं इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे, ९१४ चं त्याच्या पुढे. बर्फावर एवढ्याने गाडीचा स्वभाव बदलतो. मागच्या चाकांवर वजन असल्याने चढावर दोन्हींना पकड मिळते. पण मिड-इंजिन गाडीत सगळा जड भाग मध्यभागी असतो, त्यामुळे ती चटकन वळते आणि तितक्याच चटकन गिरकीही घेते. सावरायला क्षणभरच मिळतो. त्यात पुढची चाकं हलकी. अ‍ॅक्सिलरेटर दाबून वळायला गेलं, तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. म्हणून वळणाआधी ब्रेक लावून वजन पुढच्या चाकांवर आणायचं, गाडी वळायला लागली की मगच हलक्या पायाने वेग द्यायचा.

लान्चिया स्ट्रॅटोसमध्ये हे गुणदोष टोकाला गेले. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर जेमतेम २१८० मिलिमीटर, पाठीमागे फेरारी डिनोचं २.४ लिटरचं व्ही-६ इंजिन. अशी चंचल गाडी बर्फात कोण नेईल? पण १९७५ ते १९७७ अशी तीन वर्षं सांद्रो मुनारीने तिच्यातून माँटे कार्लो जिंकली. माँटे कार्लोत कोरडं डांबर, ओला रस्ता, बर्फ असं सगळं एकाच टप्प्यात भेटतं, तेव्हा ‘तिथे काय, डांबरच जास्त’ असं कुणी म्हणू शकेल. त्याला १९७५ ची स्वीडिश रॅली दाखवावी. ती पूर्ण हिवाळी रॅली; अरुंद, खिळ्यांचे टायर बर्फ कापून पकड धरतात. तीही वाल्डेगार्डने स्ट्रॅटोसमधूनच जिंकली. माझ्या मते या गाडीचं खरं प्रमाणपत्र तेच. पुढे १९७९ मध्ये बर्नार दार्निशने खासगी संघाच्या स्ट्रॅटोसमधून माँटे कार्लो अवघ्या ६ सेकंदांनी मारली. मागे राहिला फोर्ड एस्कॉर्टमधला वाल्डेगार्डच.

१९८१ मध्ये जाँ रॅन्योती मिड-इंजिन रेनॉ ५ टर्बोमधून माँटे कार्लो जिंकला. पण सुरुवातीच्या बर्फाळ टप्प्यांत पुढे होती ती हानू मिकोलाची चारही चाकांना ताकद देणारी ऑडी क्वाट्रो. ती मागे पडली म्हणून निभावलं, एवढंच. पुढच्याच महिन्यात मिकोलाने स्वीडन जिंकलं. १९८३ ची माँटे कार्लो बरीचशी कोरडी निघाली आणि लान्चिया ०३७ या मागच्या चाकांवर चालणाऱ्या मिड-इंजिन गाडीने पहिले दोन्ही क्रमांक घेतले. १९८४ मध्ये भरपूर बर्फ होता. पहिल्या तिन्ही गाड्या ऑडी, आणि विजेता वाल्टर रोर्ल, आदल्या वर्षी ०३७ मधून जिंकलेला तोच!

मात्र ऑडीचं इंजिन पुढे, तेही अ‍ॅक्सलच्या पुढे. त्यामुळे ती वळणात जड पडे. प्यूजोने २०५ टर्बो १६ मध्ये इंजिन मध्यावर ठेवलं आणि चारही चाकं फिरवली. आरी वातानेनने १९८५ मध्ये आठ मिनिटांचा दंड भरून काढत माँटे कार्लो जिंकली, पाठोपाठ स्वीडनही. १९८६ मध्ये माँटे कार्लो हेन्री तोयवोनेनच्या लान्चिया डेल्टा एस-४ ने आणि स्वीडन युहा कांक्कुनेनच्या प्यूजोने घेतलं; दोन्ही मिड-इंजिन. मे १९८६ मध्ये कोर्सिकात तोयवोनेन आणि त्याचा सहचालक सर्जो क्रेस्तो अपघातात गेले आणि त्या वर्षाअखेर ग्रुप बी हा रॅली गाड्यांचा वर्ग बंद झाला. ग्रुप बीत उतरायला कंपनीने तशा २०० गाड्या बनवल्या तरी चालत. त्याच्या जागी आलेल्या ग्रुप ए मध्ये ५००० बनवाव्या लागत. एवढ्या संख्येने विकल्या जातात त्या पुढे इंजिन असलेल्या घरगुती गाड्या. मिड-इंजिन गाडी हिवाळी रॅलीतून मागे पडली ती या नियमाने. बर्फावर तर तिच्या शेवटच्या वर्षीही तीच जिंकत होती.