कोल्हापूरच्या सीमाभागातील पूर आणि आपत्ती व्यवस्थापन

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील कोल्हापूर जिल्ह्यात महापुराचा अंदाज घेणे, धरणांच्या विसर्गाचा मेळ घालणे, लोक व जनावरे हलवणे आणि पूर ओसरल्यावर गावे पुन्हा उभी करणे या सर्व कामांना मिळून येथील आपत्ती व्यवस्थापन म्हटले जाते. जिल्ह्याच्या पूर्वेस व दक्षिणेस बेळगाव जिल्हा लागून आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने आखलेल्या आणि आजही वादात असलेल्या या सीमेने एकाच खोऱ्याची दोन प्रशासनांत वाटणी केली असल्याने, पावसाळ्यात कोल्हापूरचा कारभार स्वतःच्या धरणांइतकाच शेजारच्या राज्यातील धरणांकडेही डोळे लावून चालतो.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येऊन पंचगंगा होते व नृसिंहवाडीला ती कृष्णेस मिळते. वेदगंगा भुदरगड आणि कागल तालुक्यांतून निपाणी भागात शिरते व दूधगंगेला मिळते. दूधगंगा पुढे सीमेलगत कृष्णेत उतरते. दक्षिणेकडील हिरण्यकेशी व ताम्रपर्णी या नद्या तर थेट कर्नाटकात जाऊन घटप्रभेच्या खोऱ्यात मिसळतात. त्यामुळे कोल्हापूर केवळ कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचा त्रास सोसणारा जिल्हा नाही. आजरा, गडहिंग्लज आणि चंदगड तालुक्यांत कोसळणारा पाऊस खालच्या कन्नड गावांना संकटात टाकतो, ही बाजू मराठी चर्चेत क्वचितच येते.

पश्चिमेकडे सह्याद्रीच्या माथ्यावर अतिवृष्टी आणि पूर्वेकडे शिरोळ तालुक्याची सपाट, नागमोडी वळणांची नदीपात्रे, ही पुराची मूळ रचना आहे. घाटातून वेगाने आलेले पाणी शिरोळमध्ये संथ होते. कृष्णा आधीच दुथडी भरून वाहत असेल तर पंचगंगेला उतरायला जागा राहत नाही आणि पाणी मागे चढते. या मागे चढण्याला येथे ‘फूग’ म्हणतात. शहरातील पूरस्थिती कसबा बावड्यातील राजाराम बंधाऱ्यावरील पातळीने मोजली जाते : ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा येथे ५५ फूट ७ इंचांपर्यंत, तर जुलै २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंचांपर्यंत चढली. दोन्ही वेळा पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ आणि सीमेपलीकडे निपाणीनजीक यमगर्णी येथे पाण्याखाली गेला आणि वाहतुकीबरोबर दूध, इंधन व औषधांचा पुरवठाही तुटला. नद्या ओलांडण्याचे जवळचे मार्ग त्याआधीच बंद होतात, कारण पावसाळ्यापूर्वी बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढून मोकळे केलेले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे नदी वाढू लागताच बुडतात.

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरले की आपोआप उघडतात, म्हणून भोगावतीकाठी त्यांच्या बातमीला गावकरी विशेष महत्त्व देतात. अलमट्टीचे गणित वेगळे आहे. त्याची सध्याची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर असून कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्यास परवानगी दिली. साठा वाढला तर कृष्णेची फूग आणखी मागे चढेल या भीतीने या उंचीला कोल्हापूर आणि सांगलीतून तीव्र विरोध आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने मात्र महापुराचे मुख्य कारण अलमट्टीची फूग नसून अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातील अडथळे असल्याचे सांगितले. हा निष्कर्ष सर्वांना मान्य नाही. तरीही पूररेषेतील बांधकामे, महामार्ग व पुलांचे उंच भराव आणि बुजलेले ओढे यांचा उपाय कोल्हापूरच्याच हातात आहे, आणि बंगळूरकडे बोट दाखवताना तो सोयीस्करपणे मागे पडतो.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, परंतु त्यांचा आदेश सीमेपाशी संपतो. अलमट्टी धरण व कृष्णेवरीलच हिप्परगी बंधारा येथील विसर्गासाठी त्यांना पाटबंधारे अधिकाऱ्यांमार्फत आणि गरज पडल्यास मंत्रालयामार्फत कर्नाटकाला विनंती करावी लागते. २०१९ मध्ये अलमट्टीचा विसर्ग वाढवण्यासाठी अशीच बोलणी झाली. जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील आणि कर्नाटकाचे मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांनी बंगळूरमध्ये भेटून पावसाळ्यातील समन्वयावर चर्चा केली. हे संबंध अद्याप व्यक्ती आणि प्रसंग यांवर फार अवलंबून आहेत. सीमावाद तापला की एस.टी. सेवा थांबते. कोरोनाकाळात तर कोगनोळी नाक्यावर कर्नाटकाने आरटी-पीसीआर अहवाल मागितल्याने शेती, नोकरी व उपचारांसाठी नित्य ये-जा करणाऱ्या गावांची कोंडी झाली.

प्रत्यक्ष बचावात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्यांबरोबर व्हाईट आर्मीसारखे स्थानिक स्वयंसेवक, तालीम मंडळे आणि नदीकाठचे नावाडी असतात. कठीण काम माणसांपेक्षा जनावरांचे असते : म्हैस गोठ्यात बांधलेली असताना शेतकरी घर सोडत नाही, म्हणून छावणीत चारा व दावणीची सोय आधी झाली तरच गाव वेळेत हलते. नृसिंहवाडी, कुरुंदवाड आणि खिद्रापूर भागात माणसांना पाण्याची सवय आहे. दत्तमंदिरात पाणी शिरण्याचा दक्षिणद्वार सोहळा तर भाविक श्रद्धेने पाहतात. या सवयीमुळे घबराट कमी होते, पण ‘एवढे पाणी दरवर्षीच येते’ या भरवशावर लोक शेवटच्या नावेची वाट पाहत बसतात, हेही खरे. कायमच्या स्थलांतराचा अनुभव असाच गुंतागुंतीचा आहे. १९८९ च्या पुरानंतर चिखली व आंबेवाडीच्या ग्रामस्थांना सोनतळी परिसरात भूखंड मिळाले, तरी नदीकाठची सुपीक मळी आणि जुनी घरे पूर्णपणे सुटली नाहीत, आणि पाणी वाढू लागले की या गावांना आजही स्थलांतराची सूचना द्यावी लागते.