चिकटलेली साखर आणि न जुमानलेलं इन्सुलिन: एक रिपोर्ट दोघांबद्दल बोलत नाही

माझी भाची सोळा वर्षांची. वर्षभरापूर्वी तिच्या मानेच्या मागे काळपट, हाताला मखमलीसारखा लागणारा जाडसर पट्टा दिसू लागला. मळ असेल म्हणून बहिणीने तो स्पंजने घासला, साबण बदलून पाहिले. पोरीची मान लाल झाली, पट्टा होता तिथेच. वजनही वाढत होतं, म्हणून एकदा रक्त तपासून घेतलं. साखरेच्या तपासणीत एचबीए१सी हा आकडा ५.४ टक्के आला. ५.७ च्या खाली म्हणजे नॉर्मल. घरच्यांचा जीव भांड्यात पडला आणि ‘साखरेचं काही नाही’ म्हणून विषय मिटला.

तो मिटायला नको होता. रिपोर्टने एका प्रश्नाचं उत्तर दिलं होतं आणि आम्ही ते दुसऱ्याच प्रश्नाचं समजून बसलो. साखर शरीरातल्या प्रथिनांना चिकटते ही एक गोष्ट. साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिन या हार्मोनला पेशी दाद देईनाशा होतात ही दुसरी. दोन्ही वाटा मधुमेहाच्या दिशेने जातात, म्हणून त्या एकच वाटतात. मोठ्यांच्या बाबतीत ही गफलत एकवेळ चालून जाते, कोवळ्या वयात ती हातातली वर्षं घालवते.

आधी चिकटण्याबद्दल. ग्लुकोजचा रेणू बहुतेक वेळ कडं करून बंद असतो. अधूनमधून ते कडं क्षणभर उघडतं, त्याचं मोकळं टोक शेजारच्या प्रथिनाला धरतं. यासाठी कुठलंही एन्झाइम, म्हणजे क्रिया घडवून आणणारं प्रथिन, लागत नाही. साखर आणि प्रथिन शेजारी असले की पुरे. पहिली पकड सैल असते, सुटूही शकते. थोड्या काळाने रेणूची आतली रचना बदलते आणि पकड पक्की होते. हेच ग्लायकेशन. भाजताना पदार्थाला येणारा तांबूस रंग याच रसायनाचा. लुई-कामिय मायार यांनी ते १९१२ मध्ये मांडलं. भट्टीत मिनिटांत होतं ते शरीराच्या ३७ अंशांना सावकाश होत राहतं.

हिमोग्लोबिनवर अशी पक्की चिकटलेली साखर म्हणजे एचबीए१सी. १९६८ मध्ये तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर यांना मधुमेहींच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन दिसलं आणि पुढे त्यातूनच आजची तपासणी आली. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तात सरासरी किती साखर होती ते सांगतो. तेवढंच सांगतो.

जी प्रथिनं वर्षानुवर्षं बदलत नाहीत तिथे गोष्ट पुढे सरकते. त्वचेतलं अर्धं कोलॅजेन, म्हणजे तिला बळकटी देणारं धाग्यांसारखं प्रथिन, बदलायला सुमारे १५ वर्षं लागतात. डोळ्याच्या भिंगातली प्रथिनं तर जन्मभर तीच. त्यांच्यावरची साखर पुढे रूप बदलत जाते, शेजारच्या दोन धाग्यांना एकमेकांशी बांधूनही टाकते. या शेवटच्या संयुगांना एजीई म्हणतात. रक्तवाहिन्या ताठर होणं आणि मोतीबिंदू यांत त्यांचा हात असतो. पुष्कळ ठिकाणी एचबीए१सी आणि एजीई एकाच अर्थाने वापरलेले दिसतात, ते बरोबर नाही. पहिलं या प्रवासातलं सुरुवातीचं ठाणं, दुसरं शेवटचं. शिवाय सगळी एजीई थेट रक्तातल्या ग्लुकोजपासून बनत नाहीत. पेशी साखर जाळताना मिथाइलग्लायॉक्झाल नावाचं उपउत्पादन तयार होतं. ते ग्लुकोजपेक्षा कितीतरी पटींनी आक्रमक असतं, आणि त्याला निकामी करायला पेशीत एक स्वतंत्र यंत्रणा सतत राबत असते.

आता दुसरी गोष्ट. जेवणानंतर इन्सुलिन स्नायूपेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, लागतं. तो निरोप आत पोचला की ग्लुकोज आत घेणारी दारं, म्हणजे ग्लूट-४ नावाची प्रथिनं, पेशीच्या कडेला येतात आणि साखर आत शिरते. स्नायूत आणि यकृतात नको तेवढी चरबी साठली की हा निरोप मधेच अडखळतो. दारं वेळेवर येत नाहीत. मग स्वादुपिंड काय करतं? आणखी इन्सुलिन सोडतं. निरोप मोठ्या आवाजात दिला की पोचतो, साखर आत जाते आणि रक्तातला आकडा जागेवर राहतो. निरोपाला दाद न देणं, म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्स, आहे, पण साखर वाढलेली नाही. अशी स्थिती वर्षानुवर्षं चालू शकते.

इन्सुलिनला दाद न देणारा मधुमेह वेगळा असतो हे हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. पण रक्तातलं इन्सुलिन नेमकं मोजायची पद्धत रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० मध्ये आणली. तोवर साखर मोजायची सवय मुरली होती. मला वाटतं, आजही आपण सगळं साखरेच्या आकड्यातूनच वाचतो त्याचं एक मूळ इथे आहे.

दोन मुलं शेजारी उभी करून पाहा. दोघांचीही उपाशीपोटी साखर ९०, दोघांचंही एचबीए१सी ५.४. एकाचं उपाशीपोटीचं इन्सुलिन ६, दुसऱ्याचं २४. रेझिस्टन्सचा अंदाज देणारं होमा-आयआर नावाचं साधं गणित आहे: साखर गुणिले इन्सुलिन, भागिले ४०५. पहिल्याचं १.३ येतं, दुसऱ्याचं ५.३. साखरेच्या रिपोर्टवर ही दोघं जुळी भावंडं दिसतात. एकाचं स्वादुपिंड निवांत आहे, दुसऱ्याचं चौपट राबतंय.

भाचीची मान हेच सांगत होती. रक्तात इन्सुलिन भरमसाट असलं की ते त्वचेच्या पेशींवरच्या वाढीच्या रिसेप्टरांनाही चेतवतं, पेशी भराभर वाढतात, घड्यांमध्ये त्वचा जाड आणि काळी होते. याचं नाव ॲकॅन्थोसिस नायग्रिकन्स. घासून ते कसं जाणार?

वयात येताना मात्र थोडा रेझिस्टन्स सगळ्याच मुलांना येतो. वाढीच्या हार्मोनमुळे इन्सुलिनचा प्रभाव काही काळ घटतो आणि वाढ पुरी होत आली की बहुतेकांचा पूर्ववत होतो. म्हणून एकट्या इन्सुलिनच्या आकड्यावरून पोराला आजारी ठरवू नये. प्रयोगशाळेगणिक हा आकडा बदलतो, आणि सर्वांना लागू पडेल अशी सीमारेषाही नाही. डॉक्टर मान-काखेची त्वचा, कमरेचा घेर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी, यकृतातली चरबी, मुलींची अनियमित पाळी हे सगळं एकत्र धरतात ते यासाठीच.

उलटी बाजूही आहे. एचबीए१सी वाढलेलं आणि रेझिस्टन्स नाही, असंही होतं. टाइप १ मधुमेहात इन्सुलिनच संपलेलं असतं. तहान-तहान करणारं, झपाट्याने वजन उतरणारं मूल दिसलं तर तिथे थांबायला वेळ नसतो, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं. आणि लोहाच्या कमतरतेने रक्त कमी झालं असेल तर साखर ठीक असूनही एचबीए१सी थोडं चढलेलं दिसू शकतं. पाळी सुरू झालेल्या मुलींच्या रिपोर्टमध्ये ही शक्यता आधी तपासावी.

दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहेच. एजीई पेशींवरच्या आपल्या रिसेप्टरला लागली की दाह पेटतो आणि इन्सुलिनचा निरोप आणखी अडखळतो. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांत हे दिसलेलं आहे. पण टाइप २, म्हणजे रेझिस्टन्समधून येणाऱ्या मधुमेहाच्या वाटेवरच्या तरुण मुलांत क्रम बहुधा असा: आधी रेझिस्टन्स, मग स्वादुपिंड थकतं, मग साखर चढते, मग चिकटणं वेग घेतं. कोवळ्या वयात हे थकणं लवकर येतं. अमेरिकेत टाइप २ मधुमेह झालेल्या १० ते १७ वयाच्या ६९९ मुलांवर ‘टुडे’ हा अभ्यास झाला. नुसत्या मेटफॉर्मिनवर ठेवलेल्यांपैकी निम्म्या मुलांची साखर त्या औषधाने ताब्यात राहिली नाही. सरासरी २६ व्या वर्षी, निदानानंतर सुमारे १३ वर्षांनी, ६० टक्क्यांना डोळे, मूत्रपिंड किंवा मज्जातंतूंचा निदान एक तरी त्रास जडलेला होता. सव्विसाव्या वर्षी! हे वाचल्यापासून ‘एचबीए१सी नॉर्मल आहे ना, मग सोडा’ हे वाक्य मला ऐकवत नाही.

रेझिस्टन्सचं बरं हे की तो हलतो. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता दारं पुढे आणतो, आणि एका व्यायामाचा परिणाम दुसऱ्या दिवसापर्यंत टिकू शकतो. जुन्या कोलॅजेनमधली साखरेची गाठ अशी सुटत नाही.

भाचीला बालरोगतज्ज्ञांनी मान बघूनच उपाशीपोटी इन्सुलिन करायला सांगितलं. ते २४ आलं. गोड पेयं बंद झाली, झोपेची वेळ ठरली, आणि ती रोज संध्याकाळी तासभर बास्केटबॉल खेळू लागली, तेही स्वतःच्या हौसेने. आठ महिन्यांनी इन्सुलिन १३ वर आलं. मानेवरचा पट्टा पुसट झालाय, केस वर बांधायला ती आता लाजत नाही. एचबीए१सी तेव्हाही ५.४ होतं, आजही ५.४ च आहे.